पहिला तुंबा मूर्खाचा

या, असे पुढं सरकून बसा. लांब बसलेल्याला कथा ऐकू येते, पण लागत नाही. आणि ही लागायलाच हवी अशी आहे. सातासमुद्रापार, पृथ्वीच्या दक्षिण टोकाकडं, रिओ नेग्रो नदीकाठच्या मर्सेदेस गावातल्या नेलिदा बेंतांकूरची ही गोष्ट. तिनं चोरी केली नाही, कुणाचं घर फोडलं नाही. एक वाक्य बोलली, आणि ते झाकायला दुसरं बोलली. एवढंच. पण एवढ्याशा पापाची लाज माणसाला किती पुरते, ते ऐका.

नेलिदा तेव्हा एक्कावन्न वर्षांची. शाळेच्या कार्यालयात नोकरी, नवरा वारून सात वर्षं झालेली, एकुलती मुलगी मिकाएला राजधानीत औषधशास्त्र शिकणारी, तिथंच तिच्या ब्रुनोसोबत राहणारी. रविवारी सकाळी चर्चमध्ये बायकांचा गायकवृंद नेलिदा चालवायची, आणि रविवारी दुपारी न चुकता आईच्या अंगणात, द्राक्षाच्या मांडवाखाली. तिथं आई एर्मिनिया, वय ब्याऐंशी; गाव तिला मानानं ‘दोन्या’ एर्मिनिया म्हणायचं. थोरला भाऊ वॉशिंग्टन, मोटारी दुरुस्त करणारा आणि माणसं बिघडवणारा, असं तो स्वतःच म्हणायचा. आणि त्याची बायको सुल्मा. मधोमध तुंबा.

तुंबा म्हणजे पोखरलेला सुका भोपळा. त्यात यर्बाचा पाला भरायचा, वर थर्मासमधलं गरम पाणी घालायचं आणि धातूच्या एकाच नळीनं सगळ्यांनी पाळीपाळीनं ओढायचं. ओतणारं माणूस एकच असतं. त्या घरात पन्नास वर्षं दोन्या एर्मिनियाच्या हातचा थर्मास दुसऱ्या हातात गेला नव्हता. पहिला तुंबा कडू जहर; पाणी कोमट, नळीतून पाल्याची भुकटी तोंडात येते. तो कुणाला द्यायचा नसतो. ओतणारीनं मुकाट्यानं स्वतः पिऊन टाकायचा. म्हणून त्याला म्हणतात मूर्खाचा तुंबा. त्यापुढचे मऊ होत जातात, ते बाकीच्यांचे. आणि आणखी एक रीत आहे. तुंबा परत देताना ‘ग्रासियास’ म्हटलं, आभार मानले, की तुमचं झालं. पुढच्या फेरीला तुंबा तुमच्याकडे येत नाही. पाहुण्यानं म्हटलं तर शिष्टाचार. घरच्यानं पहिल्याच तुंब्याला म्हटलं, तर भरल्या पंगतीतून उठून गेल्यासारखं.

आता मूळ गोष्टीला येऊ.

दोन वर्षं नेलिदाच्या अंगात जणू दुसरंच कुणी राहायला आलं होतं. पाळी जायचं वय. बसल्या जागी गळ्यापासून कपाळापर्यंत वाफ चढायची, केस घामानं ओले व्हायचे, तासाभरानं थंडी. झोप तर रुसूनच बसलेली. शाळेतल्या शिपायावर ओरडायची, फोनवर मुलीवर ओरडायची, मग स्नानघरात जाऊन रडायची. हे सगळं बऱ्याच बायकांचं होतं. त्यात लाजण्यासारखं काहीच नाही.

लाजण्यासारखं घडलं ते नोव्हेंबरात. नाताळचा सराव चालू होता. बाळ येशूचा पाळणा बसवायचा होता आणि सुल्मा एका ओळीला तिसऱ्यांदा मागं पडली. नेलिदानं वादकाला हातानं थांबवलं.

“वहिनी,” ती म्हणाली, “पाळणा म्हणायला आधी घरात पाळणा हलावा लागतो.”

अकरा बायका होत्या. अकराही जणींनी आपापल्या वहीत डोकं घातलं. सुल्माला दोन मुलं झाली होती. एक तीन दिवस जगलं, दुसरं तेवढंही नाही. गावच्या दफनभूमीत पांढऱ्या फरशीच्या दोन छोट्या चौकटी आहेत. अशा पेट्यांना चार खांदे लागत नाहीत, एका माणसाच्या हातावर जातात. दुसरी पेटी नेलिदाच्याच हातांवर गेली होती.

सुल्मानं चष्मा डबीत ठेवला, डबी पिशवीत ठेवली, पिशवी खांद्याला लावली. “बरं, नेली,” म्हणाली आणि निघून गेली. गायकवृंदात परत आली नाही.

त्याच आठवड्यात नेलिदा भावाच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत तीनदा जाऊन आली. तिन्ही वेळा पावाच्या दुकानातून काहीतरी विकत घेऊन परतली. माफी मागायला शब्द थोडे पुरतात, मान मात्र वाकावी लागते. आणि तिची ती वाकत नव्हती. सुल्मा रविवारी अंगणात यायची, नवऱ्याच्या मनासाठी. एक तुंबा घ्यायची आणि परत देताना हळूच म्हणायची, “ग्रासियास.” मग दोन तास हात मांडीवर ठेवून बसायची. दोन्या एर्मिनिया ते बघायची.

जानेवारीत नेलिदाच्या वाढदिवसाला मिकाएला आली, हातात एक डबी घेऊन.

“अत्तर?” नेलिदानं विचारलं.

“थुंकायची नळी.”

“बावन्नावं लागलं म्हणून लेकीनं काय दिलं, तर थुंकायची नळी.”

“ऐकून तर घे. ही प्रयोगशाळेत पाठवायची. जनुकांवरून थोडंफार कळतं, तुला कुठलं अन्न सोसतं, हाडं कशी आहेत, झोप का उडते, मन का बिथरतं. मग डॉक्टर तुझ्यापुरता बेत आखून देतात. शेजारणीचं औषध शेजारणीला, तुझं तुला. फक्त आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही.”

“बरं,” म्हणून नेलिदानं तुंब्याकडे हात केला.

“आई.”

“हे पिणं नाही, हा तुंबा आहे.”

“तुंबा पण नाही.”

“मग अर्धा तास माणसानं करायचं काय?”

मिकाएला हसली, पण नेलिदाचं लक्ष तिकडं नव्हतं. लेकीनं सांगितलेल्यातलं ‘थोडंफार’ तिच्या कानावरून गेलं होतं. ‘मन का बिथरतं’ तेवढं आत शिरलं होतं. रक्तातच असेल तर? डोळे तपकिरी आहेत म्हणून कुणी माफी मागतं का? नळी भरताना तिनं जी प्रार्थना केली ती देवानं बहुधा कान झाकूनच ऐकली असेल. आपल्यात दोष निघू नये म्हणून लोक देव पाण्यात घालून बसतात. ही बाई दोष निघावा म्हणून बसली होती.

मार्चमध्ये प्रयोगशाळेकडून निकालाचं पुस्तक आलं. अठरा पानं, पानोपानी वर्तुळं. हिरवं, पिवळं, लाल. त्यासोबत फोनच्या पडद्यावर डॉक्टरीणबाई. डॉक्टर गोयेन, वयानं मिकाएलापेक्षा जरा मोठी, बोलणं समजुतीचं.

“हाडांचं पिवळं आहे, तर चालायचं आणि दूध-चीज सोडायचं नाही. लाल एकच आहे, पान सहा. यर्बातलं कॅफीन तुमचं शरीर फार सावकाश बाहेर टाकतं. संध्याकाळी प्यायलेलं पहाटेपर्यंत अंगात राहतं. दुपारी चारनंतर तुंबा बंद.”

“आणि मनाचं? रागाचं?”

“ते पान अकरा. हिरवं आहे, सर्वसाधारण.”

“नीट बघा.”

“बघितलंय, सिन्योरा. आणि खरं सांगू का, मनाच्या बाबतीत ही चाचणी फारच थोडं सांगते. लाल असतं तरी मी म्हटलं असतं, यावर विसंबू नका.”

“मग मी इतकी चिडते ती कशानं?”

“झोप नाही, वाफा येतात, शरीर बदलतंय. यानं माणूस चिडतो. त्याला उपाय आहेत. तुंब्याची वेळ पाळा, नदीकाठानं रोज चाला आणि तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा, औषधाचं त्या ठरवतील. दोन महिन्यांत फरक पडेल.” मग डॉक्टरीणबाईनं विचारलं, “कुणाला काही लागेल असं बोललात का? म्हणून विचारताय?”

“नाही,” नेलिदा म्हणाली.

त्या रविवारी ती पुस्तक घेऊनच अंगणात गेली. का नेलं, ते तिलाही सांगता आलं नसतं. वॉशिंग्टननं खुर्ची ओढतानाच विचारलं, “काय मग, थुंकीचा निकाल लागला म्हणे. पास की नापास?”

सुल्मा समोर बसली होती, हात मांडीवर. नेलिदाचं तोंड उघडलं आणि त्यातून जे बाहेर पडलं ते तिनं आधी ठरवलेलं नव्हतं. देवाशप्पथ नव्हतं.

“आहे त्यात,” ती म्हणाली. “रागाचं. माझ्या रक्तातच आहे, असं निघालं.” आणि तिनं पुस्तक उघडून लांबूनच धरलं. पान सहा. त्यावरचं लाल वर्तुळ अंगणाच्या दुसऱ्या टोकाला दिसेल एवढं मोठं होतं. त्याखाली काय छापलंय ते चष्म्याशिवाय कुणालाच दिसणार नव्हतं.

सुल्मा त्या वर्तुळाकडे बराच वेळ बघत राहिली. मग तुंबा तिच्याकडे आला. तिनं तळापर्यंत ओढला आणि परत दिला. ग्रासियास म्हणाली नाही. न बोललेला तो शब्द सगळ्यांनी ऐकला. चार महिन्यांनी सुल्मा फेरीत परत आली होती.

आणि नेलिदाला काय वाटलं असेल? सुटल्यासारखं वाटलं. घट्ट बूट काढल्यासारखं.

बोल जिभेचा, बोट रक्ताकडे. हे पद तुम्हीही म्हणता, मीही म्हणते. चाल प्रत्येकाची वेगळी.

“पण मग आलं कुठून हे?” वॉशिंग्टनला राहवेना. “बाबा तर कोंबडीची मान मुरगळायच्या आधी तिची परवानगी घ्यायचे. मग उरलं कोण?” आणि त्यानं मान हळूहळू आईकडे वळवली, नाटकातल्यासारखी. सगळे हसले. नेलिदाही हसली.

दोन्या एर्मिनिया तुंब्यात पाणी घालत होती. पाणी काठावरून वाहून तिच्या बोटांवर आलं. ती हसली नाही आणि बोटंही तिनं काढली नाहीत.

थोड्या वेळानं तिनं नेलिदाला स्वयंपाकघरात गाठलं. “खरंच तसं लिहिलंय?”

“हो, आई.”

“आईकडून येतं ते?”

नेलिदानं नळ सोडला, बशी विसळली, नळ बंद केला. “येऊ शकतं.”

“तू सहा वर्षांची होतीस,” म्हातारी म्हणाली. “विहिरीपाशी मी तुला पट्ट्यानं मारलं होतं. घागर फुटली म्हणून. मारताना मला कळत होतं, हा हात माझा नाही, माझ्या आईचा आहे. ती अशीच मारायची. तेव्हाच तोडायला हवं होतं. मला वाटलं, तुटलं.”

नेलिदाला ती विहीर आठवत होती. पट्टा अजिबात आठवत नव्हता. आईनं मात्र तो पंचेचाळीस वर्षं जपून ठेवला होता, आणि आज लेकीनं तिला त्याची पावती दिली होती. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण अंगणात सुल्मा तिसरा तुंबा घेत होती, तिचं हसू खिडकीतून ऐकू येत होतं. नेलिदानं आणखी एक बशी विसळली.

मंगळवारी वॉशिंग्टनचा फोन आला. एकही विनोद न करता तो बोलत होता, हेच आधी विचित्र. “आई चालत आली आमच्याकडे. अकरा चौक. काठी टेकत, भर उन्हात, डोक्यावर काही नाही. सुल्मापुढं उभी राहिली आणि माफी मागायला लागली. माझ्या रक्तानं तुला दुखवलं, म्हणे. सुल्मानं तिला धरून खुर्चीत बसवलं, दोघी रडल्या. मी गाडीखाली जाऊन पडून राहिलो. कशाला सांगितलंस गं म्हातारीला?”

“तूच तर तिच्याकडे बोट केलंस.”

“मी मस्करी केली. पुस्तक तू आणलं होतंस.”

नेलिदानं फोन ठेवला. दोन दिवसांनी मिकाएलाचा निरोप आला, की मामाकडून कळलं, रागाचं पान पाठव, मला बघायचंय. ब्रुनो आणि मी पुढच्या वर्षी मुलाचा विचार करतोय, मीही तपासून घेईन म्हणते. नेलिदानं लिहिलं, ‘पुस्तक कुठं ठेवलंय ते शोधते.’ पुस्तक गायकवृंदाच्या वहीत होतं, पवित्र आठवड्याच्या गाण्यांच्या मागं.

गंमत बघा, डॉक्टरीणबाईचा बेत मात्र लागू पडत होता. चारनंतर तुंबा नाही, संध्याकाळी नदीकाठानं विलोच्या झाडांपर्यंत जाऊन यायचं, गावातल्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी दिलेलं औषध घ्यायचं. नेलिदाला पाच-पाच तास झोप लागू लागली. वाफा कमी झाल्या. शाळेतला शिपाई तिला पुन्हा वाढदिवसाच्या केकचा तुकडा आणून देऊ लागला. डोकं निवळलं, आणि डबकं निवळलं की तळाशी काय पडलंय ते दिसतं. आता रागाची वाफ नव्हती, झोपेचं निमित्त नव्हतं. ती स्वस्थ होती, बरी होती आणि खोटी होती. आईला फोन करायची तर आई सगळ्यात आधी म्हणायची, “माझ्यामुळं आज काही त्रास नाही ना झाला तुला?”

एप्रिलात पवित्र आठवडा आला. सरकार त्याला पर्यटनाचा आठवडा म्हणतं आणि अर्धं गाव गळ घेऊन नदीवर जातं. दोन्या एर्मिनिया मात्र पहाटे उठून ऑलिव्हची डहाळी घेऊन चर्चला. आठवड्याच्या त्या पहिल्या रविवारी येशूच्या दुःखभोगाची, त्याला धरून क्रुसावर दिल्याची कथा गाऊन सांगतात. एकजण कथेकरी, एकजण प्रभूचं बोलणं, बाकीचे सगळे आवाज गायकवृंदाचे. मला विचाराल तर वर्षभरातलं हे सगळ्यात मोठं कीर्तन. डोळे मिटून ऐकावं. पेत्र हा प्रभूचा शिष्य, भीतीनं त्याला तीनदा नाकारणारा; त्याची ओळ गाणारे गृहस्थ घसा बसल्यानं आले नव्हते, म्हणून ती नेलिदाला गावी लागली.

तू त्याच्यासोबत होतास ना, असं दासी विचारते. नेलिदानं गायलं, “मी त्या माणसाला ओळखत नाही.” पुन्हा विचारतात, पुन्हा तीच ओळ. तिसऱ्यांदा तिचा आवाज असा फाटला, की तिसऱ्या बाकावरच्या सुल्मानं मान वर केली. नेलिदानं मनात मोजलं: डॉक्टरीणबाई, अंगण, आईचं स्वयंपाकघर. तिचेही तीन झाले होते. पेत्र बाहेर जाऊन रडला. तिला ताल धरायचा होता, पुढची ओळ बाकी होती.

दुपारी जेवणं लांबली. मिकाएला राजधानीहून आली होती. अंगणात बसेपर्यंत पाच वाजले. तिकडं एप्रिलात पानगळ सुरू होते; मांडवावरची पानं पिवळी पडायला लागली होती. दोन्या एर्मिनिया तुंबा आणि थर्मास घेऊन आली आणि आपल्या खुर्चीकडे न जाता सुल्मापुढं थांबली.

“आजपासून तू ओत.”

“मी? का, सासूबाई?”

“माझ्या हातचं आता कुणी पिऊ नये. पन्नास वर्षं पाजलं, तेवढं पुरे.”

“आजी,” मिकाएला म्हणाली, “जनुकं काही हातातून तुंब्यात उतरत नाहीत.”

“तू शिकलेली आहेस बाळा. मी नाही.”

आणि म्हातारी कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीवर जाऊन बसली. तिच्या हातांना कळेना, काय करावं. एकदा ते पदर सावरावा तसा स्वेटर नीट करू लागले, एकदा नसलेलं झाकण फिरवू लागले, मग मांडीवर उताणे पडून राहिले. पन्नास वर्षं ते हात कधी रिकामे दिसले नव्हते. वॉशिंग्टन जमिनीकडे बघत होता.

“आई,” मिकाएलानं नेलिदाला विचारलं, “पुस्तक सापडलं का? मला ते पान बघायचं होतं.”

पुस्तक पिशवीत होतं, ऑलिव्हच्या डहाळीखाली. ‘नाही सापडलं’ म्हणणं अगदी सोपं होतं. सकाळीच तिनं तीनदा सराव केला होता. नेलिदा आईच्या हातांकडे बघत राहिली. मग पिशवी उघडली आणि पुस्तक लेकीच्या मांडीवर ठेवलं.

“पान सहा,” ती म्हणाली. “लाल आहे ते. मोठ्यानं वाच.”

मिकाएलानं वाचलं. वाचता वाचता तिचा आवाज खाली आला. “हे तर यर्बाचं आहे. कॅफीनचं.”

“आता अकरा.”

“मन आणि भावना. हिरवं. सर्वसाधारण.”

“हिरवं म्हणजे?” वॉशिंग्टननं विचारलं.

“म्हणजे काही नाही,” नेलिदा म्हणाली. “आईकडून काही आलेलं नाही. बाबांकडूनही नाही. मी लांबून दुसरंच पान दाखवलं. वहिनीला जे बोलले ते मीच बोलले, आणि ते झाकायला आईला पुढं केलं.”

शेजारच्या घरात रेडिओवर फुटबॉलचा सामना चालू होता. कुणीतरी गोल केला.

सुल्माच्या हातात थर्मास तसाच होता. “म्हणजे मी त्या कागदाला माफ केलं होतं,” ती सावकाश म्हणाली. “तुला नाही केलं अजून.”

“माहीत आहे.”

“एक सांग नेली. एवढं काय काय बोलता आलं असतं. आवाज वाईट म्हणायचंस, ताल नाही म्हणायचंस. तेच का?”

नेलिदाचे कान तापले. या वेळी ती वाफ नव्हती. “मला त्या दिवशी कुणाला तरी दुखवायचं होतं,” ती म्हणाली, “आणि तुझं कुठं दुखतं ते मला ठाऊक होतं. मी ती पेटी उचलली होती, म्हणून ठाऊक होतं. चूक झाली, वहिनी. पदरात घे म्हणायला तोंड नाही मला. पण चूक माझी होती.”

सुल्मानं मान हलवली, हो म्हणून. म्हणजे, हो, चूक तुझीच.

तेवढ्यात कोपऱ्यातून दोन्या एर्मिनियाचा आवाज आला. “म्हणजे मी अकरा चौक उगाच चालले?”

“हो, आई.”

“उन्हात.”

“हो.”

“आणि तो पट्टा. तो मी लेकीला उगाच सांगितला.”

“नाही,” नेलिदा म्हणाली.

म्हातारी उठली. काठी न घेता चार पावलं आली, सुल्मापुढं हात पसरला, आणि सुल्मानं थर्मास त्या हातात दिला. दोन्या एर्मिनिया आपल्या खुर्चीत बसली. तुंब्यात पाला भरला, तळवा झाकण करून तो हलवला, तिरका करून बाजूला पाणी सोडलं, पाला फुगू दिला, नळी खोचली. पहिला तुंबा भरला. आता ती नेहमीसारखा स्वतः पिणार म्हणून सगळे थांबले.

तिनं तो नेलिदापुढं धरला. “घे.”

“आई, हा तर—”

“कुणाचा आहे ते मला माहीत आहे. पन्नास वर्षं मी प्यायले. आज तू पी.”

पाच वाजून गेले होते. चारनंतर तुंबा बंद होता. नेलिदानं तो दोन्ही हातांनी घेतला. पाणी कोमट होतं, कडू इतकं की जबडा आवळला, आणि नळीतून भुकटी येऊन दातांत बसली. ती थांबली नाही. तळाशी नळी घुरघुरेपर्यंत तिनं ओढला. परत देताना जिभेवर सवयीनं तो शब्द आला. कुणी काही दिलं की येतोच. तो म्हटला असता, तर उठून घरी जाता आलं असतं, आणि तिला त्या क्षणी दुसरं काहीही नको होतं. तिनं तो भुकटीसोबत गिळला आणि बसून राहिली. लाज घेऊन बसून राहायला फार बळ लागतं. निघून जायला लागत नाही.

दुसरा तुंबा सुल्माकडे गेला. सगळ्यांचे डोळे तिच्या ओठांवर. तिनं अर्धा घेतला, थांबली, मांडवाच्या पानांकडे बघितलं, उरलेला घेतला. तुंबा परत दिला. काही म्हणाली नाही.

ती माफी नव्हती. असं सांगून तुम्हाला खूश करता आलं असतं, पण ती नव्हती. ती फक्त फेरीत राहिली. पुढच्या नाताळला पाळणा म्हणायला ती गायकवृंदात आली, मागच्या ओळीत उभी राहिली आणि पुन्हा एकदा अर्धी मात्रा मागं पडली. नेलिदानं सगळ्या वृंदाला तिच्यासाठी अर्धी मात्रा थांबायला शिकवलं. दोघींमध्ये त्याबद्दल एक शब्द झाला नाही. सुल्मानं कधी माफ केलं की नाही, ते सुल्मा जाणे आणि तिचा देव जाणे.

दोन्या एर्मिनिया त्यानंतर दुसऱ्या हिवाळ्यात गेली. शेवटच्या रविवारीही पहिला तुंबा तिनंच प्यायला होता, स्वतः, कुणाला न देता. आता थर्मास सुल्माकडे असतो.

तर बायांनो, बापयांनो, कथा संपली, आता एक मागणं. घरी जाल, देवापुढं दिवा लावाल, तेव्हा आपापल्या माणसांची नावं घ्यालच. त्यांच्या शेवटी एक नाव माझ्यासाठी घ्या, एर्मिनियाचं. पन्नास वर्षं कडू स्वतः प्यायली, आणि ब्याऐंशीव्या वर्षी, जो दोष तिचा नव्हता त्याची माफी मागायला, उन्हातून अकरा चौक चालत गेली. तिला विसरू नका.